मुलं लहान आहेत, आत्ता कशाला जाता?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे उमऱ्याला जाऊन आलो. चौघे म्हणजे मी, पत्नी, पहिलीत शिकणारी साडेसहा वर्षांची मुलगी आणि बावीस महिन्यांचा मुलगा. जाण्याआधी महिनाभर आणि आल्यावर महिनाभर एकच वाक्य कानावर पडत होतं : "मुलं लहान आहेत, आत्ता कशाला?" शिक्षकांच्या खोलीत सहकाऱ्यांनी विचारलं, मोहल्ल्यात शेजाऱ्यांनी विचारलं, मोठ्या आपाने तर फोनवर अर्धा तास समजावलं. अम्मी एवढंच म्हणाल्या, "धाकट्याला माझ्याकडे ठेवून जा. तिथे तुमची इबादत होणार नाही."

हे सगळे आमचे हितचिंतकच. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. तरीही आम्ही मुलांना घेऊन गेलो आणि परत आल्यावर मला वाटतं की प्रश्नच चुकीचा विचारला जातो. तो का, हे सांगण्यासाठी हा लेख.

मुस्लिमेतर वाचकांसाठी दोन ओळी. हज वर्षातून एकदा ठराविक दिवसांत होते आणि ऐपत असलेल्यावर ती आयुष्यात एकदा फर्ज आहे. उमरा वर्षभरात जवळजवळ केव्हाही करता येतो. एहराम बांधून मक्केत जायचं, काबागृहाभोवती सात फेऱ्यांचा तवाफ करायचा, सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा जायचं-यायचं, म्हणजे सई करायची, मग केस कापायचे. विधी एवढाच. एकटा माणूस तीन-चार तासांत उरकतो. आम्हाला किती लागले ते पुढे सांगतो.

पहिला आक्षेप पैशाचा. तो मी सर्वांत गंभीर मानतो. उमरा फर्ज नाही. कर्ज काढून, बायकोचे दागिने गहाण ठेवून, हप्त्यांवर उमऱ्याला जाणारी कुटुंबं मी पाहिली आहेत आणि त्यांना नको म्हणायला हवं. आम्ही पाच वर्षं पैसे साठवले. धाकट्याला आत्ताच नेण्यामागे एक साधा हिशेबही होता. दोन वर्षांखालील मुलाला विमानात स्वतंत्र आसन घ्यावं लागत नाही, ते आईबापाच्या मांडीवर बसतं आणि त्याचं भाडं मोठ्यांच्या तुलनेत अगदी थोडं असतं. दोन वर्षं पूर्ण झाली की आसन घ्यावंच लागतं. परतीच्या दिवशीही मूल दोन वर्षांच्या आत असायला हवं, हे लक्षात ठेवा. "मोठं होऊ द्या" म्हणणाऱ्यांना ठाऊक नसतं की मूल मोठं होतं तसं तिकीटही मोठं होतं.

दुसरा आक्षेप : "त्याला काय आठवणार?" खरं आहे, काही आठवणार नाही. तीन-साडेतीन वर्षांआधीचं फारसं कोणालाच आठवत नाही, असं मानसशास्त्र सांगतं. बीएडला आम्ही बालमानसशास्त्राचा पेपर सोडवला होता, तेव्हा एवढं मलाही कळतं. पण दीड वर्षाचे असताना आईने भरवलेला घास तरी कोणाला आठवतो? म्हणून त्या वयात कोणी उपाशी ठेवलं नाही. धाकट्याला काबा आठवणार नाही. पण त्या पंधरा दिवसांत तो ज्या माणसांच्या कडेवर बसला, ज्यांनी त्याच्या हातावर खजूर ठेवले, त्यांच्यात काळे होते, गोरे होते, पिवळे होते, आणि तो कोणालाही बिचकला नाही. इथे घरी आलेल्या पाहुण्यांना पाहून तो रडायचा. आता रडत नाही. यालाही काहीतरी किंमत असेल.

तयारीबद्दल थोडं, कारण परतल्यावर मला सर्वाधिक फोन त्यासाठीच आले. लहान बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. आईच्या पासपोर्टवर नाव लिहिण्याचे दिवस गेले. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो. नेहमीचं शुल्क हजार रुपये आहे आणि आठ वर्षांखालच्या मुलाच्या नव्या पासपोर्टला त्यात दहा टक्के सूट मिळते. आई-वडील दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र लागतं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपणच न्यायचा असतो, आणि बावीस महिन्यांच्या मुलाला डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मान सरळ असं बसवणं म्हणजे काय असतं ते आमच्या फोटोवाल्याला विचारा. तीन वेळा दुकानात जावं लागलं.

मेंदूज्वराची लस उमऱ्याला जाणाऱ्या एक वर्षावरील प्रत्येकाला आवश्यक आहे आणि ती तिथे पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. बरेच लोक ती आदल्या आठवड्यात आठवतात. मुलांना त्या दिवशी थोडा ताप येऊ शकतो, म्हणून शेवटच्या घाईत ती नकोच. बाकी बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली तापाची आणि उलटीची औषधं, ओआरएसची पाकिटं, खिचडीसाठी तांदूळ-मुगाची डाळ, विजेवर चालणारं छोटं भांडं. हे भांडं आमच्या प्रवासातलं सर्वांत उपयोगी सामान ठरलं. पॅकेजमधलं तिखट जेवण मुलांनी दुसऱ्या दिवशीच नाकारलं होतं.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई, तिथून जेद्दा. विमानाचे पाच-साडेपाच तास. विमान उतरताना मुलांचे कान दुखतात आणि ती जिवाच्या आकांताने रडतात. त्या वेळी काहीतरी गिळत राहिलं की कानातला दाब मोकळा होतो. पत्नीने धाकट्याला अंगावर घेतलं, मोठीला चघळायला गोळी दिली आणि दोघं शांत राहिली. शेजारच्या रांगेतलं एक बाळ मात्र खूप रडत होतं आणि त्याच्या आईकडे लोक वळून वळून पाहत होते. बापाकडे कोणी पाहत नव्हतं. तोही मोबाइलमध्ये पाहत होता. मला त्याचा राग आला. तो राग किती पोकळ होता, हे मला दोन दिवसांनी कळणार होतं.

पहिला उमरा आम्ही रात्री इशाच्या नमाजनंतर केला. बाबागाडी खालच्या मताफमध्ये नेऊ दिली नाही, वरच्या मजल्यावर जायला सांगितलं. वर फेरी फार लांब पडते. म्हणून गाडी हॉटेलात ठेवली, धाकट्याला खांद्यावर घेतलं आणि खाली उतरलो. एहरामच्या दोन न शिवलेल्या चादरी, त्यावर पाय झाडणारं मूल. त्याने चौथ्या फेरीत वरची चादर ओढून खाली टाकली. मागून येणाऱ्या एका धिप्पाड आफ्रिकी माणसाने ती न थांबता उचलून माझ्या खांद्यावर टाकली, मुलाचा गाल ओढला आणि पुढे गेला. सगळं मिळून आम्हाला साडेसहा तास लागले. मध्ये दोनदा दूध, एकदा लंगोट, एकदा मोठीची झोप.

आता जे सांगायचं आहे ते थोडं अवघड आहे.

पुढचे दोन दिवस मी रोज पाचही नमाज हरममध्ये जमातीबरोबर पढलो. तहज्जुदला गेलो. दोन जास्तीचे तवाफ केले. ग्रुपमधल्या मंडळींबरोबर इतर ठिकाणंही पाहून आलो. मनात म्हणत होतो, लोक उगाच घाबरवतात, मुलं घेऊन किती सहज इबादत होते! तिसऱ्या दिवशी फज्र पढून खोलीवर आलो. पत्नी न्हाणीघरात मुलांचे कपडे धूत होती. तिने वळूनही न पाहता विचारलं, "आज काबा कसा दिसत होता?" मी उत्साहाने सांगू लागलो. ती म्हणाली, "मला सांगा सगळं. मी इथे येऊन आतापर्यंत एकदाच तो पाहिलाय. बाकी या चार भिंती पाहिल्या. भिंती तर घरीही होत्या."

ती रागावली नव्हती, हेच जास्त लागलं. पाच वर्षं साठवलेल्या पैशांत तिच्या शिलाईचेही पैसे होते. विमानातल्या त्या बापात आणि माझ्यात फरक एवढाच होता की त्याच्या हातात मोबाइल होता आणि माझ्या हातात तसबीह.

त्या दिवशी आम्ही कागदावर वेळापत्रक केलं. वर्गाचं वेळापत्रक बनवतो तसंच. फज्र आणि मगरिब तिची, जुहर आणि इशा माझी, असरला चौघं मिळून. तिच्या वेळेत मुलं पूर्णपणे माझी. तिला फोन करायचा नाही, "दूध कुठे ठेवलंय" विचारायचं नाही. पहिल्या दिवशी धाकटा तासभर रडला. खिचडी करपली. मोठीची वेणी मला घालता येईना, म्हणून तिने ओढणीखाली केस तसेच बांधले. पत्नी चार तासांनी परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते आणि चेहरा मात्र असा होता, जसा मी लग्नानंतर क्वचितच पाहिला. काय दुआ मागितली ते मी विचारलं नाही.

म्हणून मी म्हणतो, प्रश्न चुकीचा विचारला जातो. "मुलं लहान आहेत, कशाला जाता?" याचा अर्थ "मुलांचं करायचं कोणी?" असा असतो आणि त्याचं उत्तर सगळ्यांनी आधीच गृहीत धरलेलं असतं : आई. म्हणूनच आईने एक तर घरी थांबावं, नाही तर मुलं मोठी होईपर्यंत थांबावं, नाही तर तिथे जाऊनही खोलीत थांबावं. बापाला कोणी थांबवत नाही. कामाची वाटणी करायची तयारी नसेल, तर लहान मुलांना घेऊन परदेशी जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मग ते मक्का असो की मलेशिया. तशी सहल एकाचीच होते. दुसऱ्याचं फक्त स्वयंपाकघर बदलतं.

हे मला सई करताना नीट उमगलं. आपण सारे ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) यांनी अल्लाहच्या आज्ञेने बीबी हाजरा आणि दूध पिणारे इस्माईल यांना त्या ओसाड खोऱ्यात ठेवलं. पाणी संपलं. तहानेने तळमळणारं बाळ पाहून आई दोन टेकड्यांमध्ये सात वेळा गेली-आली, कुठे माणूस दिसतो का, पाणी दिसतं का म्हणून. मग जमजम फुटलं. सात फेऱ्यांचं ते अंतर आज सुमारे तीन किलोमीटर भरतं. आता तिथे संगमरवर आहे, थंड हवा आहे. मधल्या एका टप्प्यावर हिरवे दिवे लावलेत. तिथे पुरुषांनी धावायचं असतं, स्त्रियांनी नाही.

मी धाकट्याला खांद्यावर घेऊन तिथे धावलो आणि धावताना विचार आला की हे पाय मुळात एका आईचे. परक्या मुलुखात लहान मूल घेऊन एकटी पडलेली ती बाई. तिची धावपळ अल्लाहला इतकी पसंत पडली की ती इबादतीचा भाग झाली आणि आज राजापासून मजुरापर्यंत प्रत्येक पुरुष तिच्या मागे धावतो. आणि आम्ही म्हणतो, मुलं असली की इबादत होत नाही! ज्या ठिकाणी इबादतीचं मूळच एका बाळाच्या तहानेत आहे, तिथे माझ्या पत्नीने लंगोट बदलणं हे इबादतीतला व्यत्यय कसं ठरेल? हदीसमध्ये आहे की, प्रवासात एका स्त्रीने आपलं बाळ वर उचलून प्रेषितांना (सल्ल.) विचारलं की यालाही हज आहे का. उत्तर आलं की आहे, आणि तिलाही त्याचं पुण्य आहे. त्या काळी उंटावरून वाळवंटातला प्रवास होता. ती बाई मूल घरी ठेवून आली नव्हती.

याचा अर्थ डोळे मिटून निघावं असा नाही. हजची गर्दी ही वेगळी गोष्ट आहे. 2025 च्या हजसाठी सौदी सरकारने मुलांना सोबत आणायला मनाई केली आणि ती मला योग्य वाटते. उमऱ्यातही रमजानचे शेवटचे दहा दिवस, कडक उन्हाळा हे टाळावेच. एक प्रसंग आमच्यावरही आला. मदिनेत मस्जिद-ए-नबवीच्या अंगणात, मोठ्या छत्र्यांखाली, मगरिबनंतर गर्दी उसळली आणि मोठीचा हात सुटला. दहा-बारा मिनिटंच गेली असतील. त्या मिनिटांबद्दल लिहिणार नाही. तिला आम्ही शिकवलं होतं की हरवलीस तर शोधायला जायचं नाही, जिथे आहेस तिथेच थांबायचं. मनगटाला कापडी पट्टीवर फोन नंबर शिवलेला होता. एका वृद्ध तुर्की बाईंनी तिचा हात धरून ठेवला होता आणि दुसऱ्या बाईने आम्हाला फोन लावला. भाषा कोणालाच कळत नव्हती. मग मोठीने स्वतः फोन घेतला आणि समोरच्या दरवाज्यावरचा नंबर वाचून सांगितला. अरबी अंक दोन-तीन सोडले तर आपल्या उर्दूच्या पुस्तकातल्यासारखेच असतात. वीस वर्षं उर्दू शिकवतोय, माझ्या विषयाचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता.

मदिनेतच आणखी एक भेट झाली. दुकानात मुलं मराठीत भांडत होती. गल्ल्यावरचा माणूस हसला आणि म्हणाला, "महाराष्ट्रातले काय?" रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान. बारा वर्षं तिथे आहे. त्यालाही दोन मुलं, जवळजवळ आमच्या मुलांच्याच वयाची, गावी. आधी एक वर्ष त्याने कुटुंब इकडे आणलं होतं. सौदी अरेबियाने जुलै 2017 पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा शंभर रियाल शुल्क लावलं आणि ते दरवर्षी शंभराने वाढवत 2020 मध्ये चारशेवर नेलं. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला बाराशे रियाल, भाडं-शाळा वेगळी. "परवडेना, म्हणून पाठवून दिलं," तो म्हणाला. त्याने धाकट्याला गल्ल्यावर बसवलं, बराच वेळ त्याच्याशी मराठीत बोलत राहिला आणि खजुराचे पैसे घेईना. दुकानातून निघताना मला वाटलं, आम्ही आमची मुलं सोबत आहेत म्हणून कुरकुरतो आणि हा माणूस दुसऱ्याचं मूल पाच मिनिटं मांडीवर मिळालं म्हणून शुक्र मानतो.

परतीनंतरची गोष्ट सांगून थांबतो, कारण खरं दुखणं तिथे आहे.

पंधरा दिवस आमची मुलं जगातल्या सर्वांत पवित्र दोन मशिदींत बागडली. नमाजच्या रांगांमधून धावली, सजद्यात गेलेल्या लोकांच्या पाठीवर चढली. कोणी हटकलं नाही. घरी आल्यावर दुसऱ्या जुम्याला मी दोघांना घेऊन एका मशिदीत गेलो. धाकटा सवयीने पुढच्या सफकडे धावला. एका बुजुर्गांनी त्याचा दंड धरून त्याला मागे आणलं आणि सर्वांसमोर मला म्हणाले, "मास्तर, मुलांना घरी ठेवत जा, नमाज खराब होते." मी गप्प बसलो. घरी येताना मोठीने विचारलं, "अब्बा, तिथे अम्मीपण मशिदीत यायची. इथे का येत नाही?"

शाळेत शेकडो प्रश्नांची उत्तरं देणारा मी, या प्रश्नाला उत्तर देऊ शकलो नाही.

प्रेषित (सल्ल.) आपली नात उमामा हिला कडेवर घेऊन नमाज पढवत, सजद्याला जाताना खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. बाळाच्या रडण्याचा आवाज आला तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आखूड करत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हे आहे. म्हणजे मशिदीत बाळं होती आणि बाळांच्या आयाही होत्या. पुण्यातल्या एका दांपत्याने 2019 मध्ये स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर जानेवारी 2020 मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र दिलं, त्यातही स्त्रियांना मशिदीत नमाज पढायला धर्माची मनाई नाही हे मान्य केलं आहे. मनाई नाही, पण जागाही नाही, अशी आपली अवस्था आहे. काही शहरांत जागा आहे, तिथल्या विश्वस्तांचे आभार. बाकीच्या ठिकाणी एक वेगळा दरवाजा, वुजूसाठी दोन नळ आणि एक पडदा, एवढाच खर्च आहे. आपण मिनारावर त्याहून जास्त खर्च करतो.

आपली माणसं हजारो किलोमीटर जाऊन, लाखो रुपये खर्चून जी मोकळीक पाहून येतात, ती सामानाबरोबर घरी का आणत नाहीत? जमजमचं पाणी आणतो, खजूर आणतो, टोप्या आणतो. लेकराला हटकायचं नाही, हे मात्र तिथेच विसरून येतो.

तेव्हा, मुलं लहान आहेत म्हणून थांबू नका. पैसे नसतील तर थांबा. आजारपण असेल तर थांबा. घरातल्या बापाला अजून दूध गरम करता येत नसेल, तर तो शिकेपर्यंत थांबा. ही शिकवणी विमानात बसण्याआधी घरीच पूर्ण करावी; मला ती मक्केत घ्यावी लागली आणि फी पत्नीने दोन दिवस भरली.

अम्मींना परवा मी हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझे अब्बा हजला गेले तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. मी थांबले. पुढे तुम्ही मोठे झालात, पण नंतर जमलंच नाही." आता पुन्हा पैसे साठवायला सुरुवात केली आहे. या वेळी मुलांबरोबर अम्मीही असतील. अल्लाह कबूल करो.